सांभाळून घ्या पोरीला

डोळे मिटा ताई, अन् वरची पापणी बोटांनी ताणून धरा. हां, अशी. सैल सोडली की कातडी दोऱ्यात येते, मग मला बोल लावायचा नाही.

त्या दिवशीची पोरगी कुठं गेली म्हणता? आरती? बघा, खुर्चीत बसल्या बसल्या तिचंच विचारलं तुम्ही. मी इथं दोरा दातात धरून उभी आहे, अन् तुम्हाला आठवण तिची. असू द्या. सांगते सगळं. असंही तुम्हाला आता हलता यायचं नाही.

मुखेडला माझं पार्लर होतं, स्टँडच्या रस्त्याला. देविका ब्युटी पार्लर. पोरीच्या नावानं काढलं तेव्हा पोरगी रांगत होती. आमचे हे, शरदचंद्र, तिथंच शाळेत मास्तर. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंना काय गरज पडली बायकांच्या मिशा काढायची! अन् ज्यांनी म्हटलं त्यांच्याच बायका दुपारी मागच्या दारानं यायच्या. आजूबाजूच्या खेड्यांतल्या नवऱ्यामुली मी नटवल्या. एखाद्या मोठ्या घरचं लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी मला फोन यायचा. माझा मान होता तिथं.

आरती माझ्याकडं आली ती तिच्या आईच्या, केवळाबाईच्या, मागं मागं. जळकोटकडं दिली होती तिला. बजरंग नावाचा नवरा, त्यानं घालवून दिलेली. का, तर स्वयंपाकाला उशीर झाला. मनगटावर तव्याचा चटका होता हा एवढा. बापानं, शेषेरावानं, घरात घेतली पण अंगणाबाहेर पाऊल टाकू देईना. केवळाबाई माझ्यापुढं रडून राहिली, "बाई, हिच्या हातात कायतरी द्या, न्हाईतर ही हिरीत जाईल." मी ठेवून घेतली. माझा जीव कळवळला हो. फुकट राबणारी मिळाली हे पण आहे, पण जीव कळवळला हे पण खरं.

आता आपल्याकडं कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. भुवया कुणीही करा, कुणी विचारत नाही. पण नवरीच्या अंगाला हात लावायचा म्हटलं की लेकीची आई पहिलं हेच विचारते, करणारी कोण हाय, नवरा हाय ना तिला? काम झालं की पार्लरवालीची ओटी भरतात, खण-नारळ देतात. टाकलेल्या बाईची ओटी कोण भरणार? म्हणून मीच सगळीकडं सांगून ठेवलं, आरतीचा नवरा पुण्याला कंपनीत आहे, सुट्टी मिळत नाही. तिला म्हणाले, बांगड्या कोपरापर्यंत भर अन् मंगळसूत्र पदराच्या वर काढून ठेव.

ती म्हणाली, "काकू, त्या माणसाचं काही गळ्यात नको वाटतं."

मी म्हणाले, "तुला नको असलं तरी गिऱ्हाइकाला पाहिजे असतं." घातलं गुमान.

पण हात काय होता मेलीचा! मी शिकवलं तेवढं तर तिनं महिन्याभरात उचललं. बायका यायच्या अन् माझ्या खुर्चीत न बसता तिच्या खुर्चीशी जाऊन उभ्या राहायच्या. "तुमचं चालू द्या काकू, आम्ही थांबतो." मी रिकामी बसलेली असायची, अन् त्या थांबायच्या. हसून घ्यायचे मी. माझंच पार्लर, पैसा माझ्याच गल्ल्यात, राग कशाला करायचा? तरी रात्री अंग टाकलं की तेच डोळ्यापुढं यायचं.

मग देविकाची दहावी झाली अन् डॉक्टर व्हायचं म्हणून लातूर ठरलं. तुमच्या घरी झालं तेच आमच्या घरी. आई बरोबर गेली तर पोरगी अभ्यास करते, मेसच्या डब्यावर आजारी पडते, सगळं तुम्हाला माहीत. यांची नोकरी तिकडं, म्हणून हे तिकडं अन् मी इकडं. पार्लर कुणाच्या हवाली करायचं, हाच प्रश्न. आरतीच म्हणाली, काकू, मला द्या. केवळाबाईनं गळ्यातली बोरमाळ मोडली, खुर्च्या, आरसे, पाटी, सगळं आरतीनं घेतलं. पैसे देविकाच्या क्लासला गेले, तिथल्या तिथं.

पण दुकान दिलं म्हणून गिऱ्हाईक मिळतं असं नाही ना? ते घरी नेऊन सोपवावं लागतं. आपल्याकडं बाई बाईचा हात धरून सांगते तेव्हा दार उघडतं. आरती म्हणाली, "काकू, जायच्या आधी एकदा माझ्यासंगं मोठ्या घरी चला. तुमी सांगितलं की माझं निभंल. मला परत कुनाच्या दारात जायचं न्हाई, ना बापाच्या ना त्याच्या." मी म्हणाले, अगं चल की.

पहिलं घर चांगुणाबाईचं. मोठी शेती, दारात दोन ट्रॅक्टर. थोरल्या लेकीला मीच नटवलेलं, धाकटी सुकन्या चाकूरला ठरलेली, लग्न उन्हाळ्यात. मला वाटलं, मी जाते म्हटल्यावर ही बाई डोळ्याला पदर लावेल. मी स्वतःसाठी रुमाल घेऊन गेले होते पिशवीत, रडू आलं तर.

"चांगुणाबाई, मी लातूरला चालले. कायमची."

"व्हय का? बरं झालं, पोरीच्या शिक्षणाचं बघावंच लागतं," ती म्हणाली, अन् लगेच आरतीकडं वळली. "म्हंजी आता तूच का गं? लई बरं झालं बाई! सुकन्या कवाची म्हनून राहिली, मला आरतीताईच पाहिजे. काकूचा हात जड लागतो म्हनं."

चहा आला. पहिला कप आरतीच्या हातात. मी मालकीण, मी वयानं मोठी, अन् पहिला कप तिच्या हातात! सुकन्या आतून पळत आली ती तिलाच चिकटून बसली, मोबाईलवर अंबाड्यांचे फोटो दाखवत. काकू कधी जाणार, कुठं राहणार, एवढं पण कुणी विचारलं नाही. ताई, खोटं कशाला बोलू, माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. सगळी हयात त्या गावात घातली मी. माझ्या हाताखाली शिकलेली ती, अन् माझाच हात जड?

मी बशी खाली ठेवली. आरतीच्या पाठीवरून हात फिरवला अन् म्हणाले, "सांभाळून घ्या हो पोरीला. आधीच नवऱ्यानं टाकलेली आहे. आता तुमचाच आधार."

चांगुणाबाई म्हणाली, "टाकलेली? तुमीच म्हनला हुता की, पुन्याला कंपनीत हाय."

"तसं सांगावं लागतं हो. बिचारीची इज्जत."

चांगुणाबाईनं लेकीच्या हातातला मोबाईल काढून घेतला अन् म्हणाली, "जा गं, आत जा. काम न्हाई का तुला?" सुकन्या उठून गेली. आरतीनं कप तसाच खाली ठेवला. निघताना मला हळदीकुंकू लावलं. करंडा आरतीपर्यंत आला अन् बाईचा हात थांबला. मग तिनं करंडाच पुढं केला. "तुजं तू लाव बाई."

रस्त्यात आरती म्हणाली, "काकू, का सांगितलं?"

"खोटं किती दिवस टिकणार होतं?"

"खोटं तुमचं हुतं. मी कुठं म्हनले हुते सांगा म्हनून?"

बघा तोंड कसं! इतके दिवस गप्प राहणारी पोरगी, अन् भर रस्त्यात मला विचारते. मी पण ऐकून घेतलं नाही. म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच बोलले. दया आली की बायका दोन कामं जास्त देतात." अन् मग पुढच्या घरी पण सांगितलं, त्याच्या पुढच्या पण. एका ठिकाणी सांगायचं अन् दुसरीकडं लपवायचं बरं दिसतं का? पाठीवर हात ठेवायचा, सांभाळून घ्या पोरीला म्हणायचं. दोन-चार घरं झाल्यावर ती आत यायचीच बंद झाली. दाराशी चपलांजवळ उभी राहायची, मी एकटीच चहा पिऊन यायची.

हं, आता दुसरा डोळा. पाणी आलं का? येतंच, पुसू नका.

मी इकडं आले, घराच्या पुढच्या खोलीत ही खुर्ची टाकली, अन् लग्नांचा सीझन सुरू झाला. तिकडं तिच्याकडं भुवया होत्या, केस कापणं होतं, पण नवरी एक पण नाही. चांगुणाबाईनं मलाच फोन केला. "तुमचा हात जड का हुईना, तुमी सवाष्ण हाव. सुकन्याला तुमीच करा." मी हो म्हणाले. का नाही म्हणू? गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं माझ्या मागं आलं तर त्याला काय हाकलून लावू?

आरतीला कळलं तशी तिचा फोन. "काकू, सुकन्येचं काम तुमी सोडा. ते मी केलं की बाकीच्या येतील. न्हाईतर माझं भाडं पण निघत न्हाई. आन् सोडायचं नसंल तर पार्लर परत घ्या, आईची माळ आनून द्या."

आता माळ कुठून आणू मी? ती तर क्लासात गेली. मी म्हणाले, "हे बघ, त्यांना नवरा दिसला पाहिजे, एवढंच ना? मग बजरंगला आण. दुकानापुढं नुसता बसू दे."

"त्याच्यापरीस मी उपाशी मरीन."

"मग मर," म्हणाले मी, अन् फोन ठेवला. पण माझा स्वभाव असा आहे ना, मला राहवत नाही. जळकोटला ओळखी काढल्या, बजरंगचा नंबर मिळवला, अन् सांगितलं की तुझी बायको आता मालकीण झाली आहे, स्टँडच्या रस्त्याला दुकान आहे, एकटी बाई किती बघणार? गडी दुसऱ्या दिवशी हजर. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. आधी सासऱ्याच्या घरी गेला. शेषेराव इतका खूश झाला की कोंबडं कापलं. जावई परत आला, आता गावात मान वर करता येते. पोरीला कुणी विचारलं? कशाला विचारतील? बाप हो म्हणाला, आई रडली, झालं.

मग पार्लरच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तो तंबाखू मळत बसायला लागला. आठवड्यात अख्ख्या गावाला कळलं. अगं, तिचा नवरा आला! ऑर्डरी धडाधड सुरू. चांगुणाबाईनं मला फोन करून सांगितलं, "काकू, तुमी लांबून कशाला तकलीफ घेता? आता आरतीचं समदं नीट झालं, तीच करंल." म्हणजे मी जुळवून दिलं अन् काम माझ्याच हातातून गेलं. आहे का नाही गंमत?

लग्नाला मला बोलावलं होतं, गेले मी चाकूरला. नवरीच्या खोलीत डोकावले तर आरती सुकन्येच्या कपाळाला मुंडावळ्या बांधून राहिली होती. ताई, काय नटवलं होतं पोरीला! शेतातली सावळी पोर, तिचा सावळा रंग तसाच ठेवून असं तेज आणलं होतं की बघणाऱ्या बायका गप्प उभ्या होत्या. मला तसं जमत नाही. कधीच जमलं नाही. दारात बजरंग मेकअपची पेटी घेऊन उभा. चांगुणाबाईनं सगळ्यांसमोर आरतीची ओटी भरली, कुंकू आता स्वतःच्या हातानं लावलं, अन् बजरंगला टॉवेल-टोपी दिली. पाकीट पण त्याच्याच हातात दिलं. वर मला म्हणते, "जोडा शोभतो का न्हाई काकू?"

आरतीनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली. मी हसले. माझी ओटी भरायची कुणाला आठवण झाली नाही.

अन् मग तो दिवस. तुम्ही याच खुर्चीत होतात. एक भुवई झाली होती, दुसरी राहिली होती, अन् दारात आरती उभी. हातात एक पिशवी, चप्पल नाही. एसटीनं आली होती. मी तिला आत स्वयंपाकघरात नेलं. तुम्हाला म्हणाले, दोन मिनिटं हं.

ती बसली नाही. उभ्यानंच बोलत होती. "काकू, मला हाताखाली ठेवा. तो बाहेरून शटर लावतो. गिऱ्हाईक आलं की उघडतो, गेलं की परत लावतो. फोन त्याच्याकडं. आईला पन भेटू देत न्हाई. आज नवरीकडच्या गर्दीतून निघून आले. मुखेडचं दुकान, गिऱ्हाईक, समदं तुमी परत घ्या, मला कायच नको. मी नुसत्या भुवया करीन. हितंच चुलीपाशी निजीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देविकाची शप्पथ, खरं सांगते, मी ठेवणार होते तिला. गादी कुठं टाकायची ते पण मनात ठरलं होतं. तिला म्हणाले, "रडू नको, मी आहे." तेवढ्यात दूध वर आलं, मी गॅसकडं धावले, ओटा पुसला, अन् परत पुढच्या खोलीत येऊन बघते तर काय? बाईनं तुमची राहिलेली भुवई करून टाकली होती! कुणी सांगितलं होतं? तोंड धुतलं नाही, पाणी प्यायलं नाही, दोरा दिसला की हात चालले.

अन् तुम्ही काय म्हणालात आठवतं? "अय्या, कळलंसुद्धा नाही! किती हलका हात! काकू, आता मी हिच्याकडंच बसणार." वर हसून म्हणालात, "इतके दिवस कुठं लपवली होती हिला?"

तुमचा काय दोष. तुम्ही सहज बोललात. पण मला तिथल्या तिथं समोर सगळं दिसलं. उद्या तुमच्या शेजारची येणार, परवा क्लासमधल्या सगळ्या आया येणार, अन् माझ्याच घरात त्या तिच्या खुर्चीशी थांबणार. मी लातूरला आले ते पहिल्यापासून सुरू केलं हो, एकेक गिऱ्हाईक जोडलं. एक गाव तिला देऊन आले ते पुरलं नाही का?

तुम्ही गेलात. मी तिला म्हणाले, "हातपाय धू, जेवायला बस." ताट वाढलं. वरण, भात, वर तूप. ती किती दिवसांची भुकेली होती कोण जाणे, घास गिळायचं भान नव्हतं. मी आतल्या खोलीत गेले अन् बजरंगला फोन लावला. म्हणाले, "इथं आहे. ये अन् घेऊन जा. मारझोड करायची नाही बरं का, माझ्या घरून नेतोस."

तोवर तिला झोपवलं देविकाच्या पलंगावर. झोपली पण, एकदम गाढ.

संध्याकाळी क्रुझर आली. पुढच्या सीटवर शेषेराव बसलेला, तो उतरलाच नाही. बजरंग आत आला, एकदम अदबीनं, चपला बाहेर काढून. आरती उठून बसली. आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काकू, तुमी?"

मी म्हणाले, "अगं, बाईमाणसानं घर सोडून किती दिवस राहायचं? माझ्या घरात तरणी पोरगी आहे, लोक मलाच बोलतील."

तिनं पिशवी उचलली. बजरंगनं हात जोडले. "काकू, तुमच्यामुळं आमचं घर बसलं. दुसरं कुनी असतं तर ठेवून घेतलं असतं हिला." मग तिच्याकडं बघून, "पड गं काकूच्या पाया."

ती वाकली. पायावर डोकं ठेवलं अन् दोन्ही हातांनी माझे घोटे धरले ते सोडेचना. घट्ट. नखं रुतली माझ्या कातडीत. बजरंगनं दंडाला धरून ओढलं तरी सोडेना. बाहेर क्रुझरवाला हॉर्न वाजवून राहिला, शेजारच्या बाया गॅलरीत आल्या.

मग काय करणार? रीत असते ना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "अखंड सौभाग्यवती हो."